मेटला विचारा

पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीला दोन नावं आहेत. एका टोकाकडून ती १०, दुसऱ्या टोकाकडून २८. होकायंत्राच्या दिशेचा आकडा घ्यायचा, शेवटचं शून्य गाळायचं, झालं नाव. शंभर अंशांकडे तोंड करून धावलात तर 'वन झीरो', उलट्या अंगानं दोनशे ऐंशीकडे धावलात तर 'टू एट'. पट्टी तीच, डांबर तेच. रोज कुठलं टोक वापरायचं ते वारा ठरवतो, आणि वारा काय म्हणतोय हे सांगायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. हवाई दलात मी मेट असिस्टंट होतो; मेट हे मेटिऑरॉलॉजीचं, हवामानशास्त्राचं, लघुरूप. म्हणजे विमान उडवणारा नव्हे, दुरुस्त करणारा नव्हे. आभाळाकडे बघून रजिस्टरमध्ये आकडे लिहिणारा. लग्नकार्यात माझी ओळख करून देताना सासरेबुवांची यावर कायम पंचाईत व्हायची. "जावई एअर फोर्सात आहेत" इथपर्यंत आवाज खणखणीत, पुढे कुणी "काय करतात?" विचारलं की ते जेवणाच्या पंगतीकडे वळायचे.

माणसाला आपण वारा वाहील तशी पाठ द्यायला शिकवतो. विमानाचं उलटं. त्याला वारा तोंडावर हवा. समोरून वीस नॉटचा, म्हणजे ताशी साधारण सदतीस किलोमीटरचा, वारा असेल तर जमिनीवर तेवढं कमी धावून पंखांना लागणारा वेग मिळतो, आणि उतरताना तेवढंच कमी धावून थांबता येतं. पावसाळ्यात पुण्यात पश्चिमेचा वारा इतका नेमानं वाहतो की 'टू एट' सोडून दुसरं काही बोलायची वेळ क्वचितच येते. विमानं वाघोलीच्या अंगानं उतरतात आणि धानोरी-विश्रांतवाडीवरून निघून जातात. हिवाळ्याच्या सकाळी वारा मंद, बऱ्याचदा पूर्वेकडचा. तेव्हा दिशा फिरते, आणि धानोरीतल्या लोकांना सकाळच्या चहाबरोबर उतरणाऱ्या विमानांची पोटं दिसू लागतात. आता मी तिथेच राहतो, त्यामुळे वाऱ्याची दिशा मला पंख्याखाली पडल्या पडल्या कळते.

धावपट्टी बांधायच्या आधी त्या जागेच्या वाऱ्याची बरीच वर्षांची नोंद बघतात, आणि वारा जास्तीत जास्त दिवस जिकडून येतो तिकडे तोंड करून ती आखतात. एकदा आखली की संपलं. पुढे पन्नास-शंभर वर्षं वारा जरा आडवा आला तर पट्टी कूस बदलत नाही, वैमानिकालाच नाक तिरकं धरून यावं लागतं. लढाऊ विमानाला ही आडव्या वाऱ्याची कटकट अंमळ जास्तच. सुखोई उतरलं की वेग मारण्यासाठी शेपटीमागे पॅराशूट सोडतं. वारा बाजूचा असेल तर तो त्या पॅराशूटला धरून विमानाचा मागचा भाग ओढतो आणि नाक वाऱ्याकडे वळवायला बघतो. म्हणून टॉवरवरून उतरायची परवानगी देताना शेवटी वाऱ्याची दिशा आणि वेग सांगतात. ते दोन आकडे ऐकताना आम्ही मेट सेक्शनमध्ये उगाचच कान टवकारायचो, परीक्षेचा निकाल आपलाच असल्यासारखे.

फौजेत सगळं हुकमावर चालतं. बूट किती वाजता चमकले पाहिजेत इथपासून स्क्वाड्रन कुठल्या राज्यात हलवायचं इथपर्यंत. त्या सगळ्या कारभाराच्या मधोमध दोन गोष्टी अशा की ज्या कुणाचं ऐकत नाहीत: एक हवा, आणि दुसरी ही अडीच किलोमीटरची पट्टी, जी हलवता येत नाही आणि लपवताही येत नाही. एअर फोर्स स्टेशन म्हणजे विमानं, असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या मते स्टेशन म्हणजे या दोन हट्टी गोष्टींशी रोज सकाळी करायची तडजोड. विमानं काय, ती आज इथे, उद्या तिथे.

तडजोडीची सुरुवात मेट ब्रीफिंगनं व्हायची. त्याआधी आमची पहाट. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतले कोरडा आणि ओला असे दोन तापमापक वाचायचे, वायुभारमापक वाचायचा, दृश्यता ठरवायची, आणि मान वर करून ढग मोजायचे. ढग आठव्या हिश्श्यात मोजतात. सगळं आभाळ आठ भाग धरायचं आणि त्यातले किती झाकलेत ते सांगायचं. नव्या पोराला हे थट्टेचं वाटतं. पण तासन्‌तास बघून डोळा बसतो, आणि मग दोन अनुभवी माणसांचं उत्तर सहसा एका भागापेक्षा जास्त चुकत नाही. दृश्यतेसाठी ठरलेल्या खुणा असतात: अमुक पाण्याची टाकी किती किलोमीटरवर, तमुक टेकडी किती, रात्री अमुक दिवा किती. टाकी दिसली आणि टेकडी दिसली नाही, तर उत्तर त्या दोघींच्या मधलं.

माझं आवडतं काम मात्र फुग्याचं. वरचा वारा मोजायला हायड्रोजनचा फुगा सोडतात. आभाळ निरभ्र असेल तर पांढरा, ढगाळ असेल तर लाल किंवा काळा, म्हणजे मागच्या रंगावर तो उठून दिसतो. फुगा ठरलेल्या वेगानं वर चढेल इतकाच वायू मोजून भरायचा, तोंड दोऱ्यानं घट्ट बांधायचं आणि सोडून द्यायचं. मग एकानं थिओडोलाइटला डोळा लावायचा. या थिओडोलाइटची दुर्बीण काटकोनात मोडलेली असते. फुगा डोक्यावर गेला तरी आपण सरळ उभं राहून समोरच बघत असतो. दर मिनिटाला तो दोन कोन ओरडून सांगतो, दिशेचा आणि उंचीचा, आणि दुसरा लिहून घेतो. चढण्याचा वेग माहीत, कोन माहीत, मग एका मिनिटात वाऱ्यानं फुग्याला किती ढकललं ते कागदावर निघतं. रात्री त्याच्याखाली छोटा दिवा बांधतात. फुगा ढगात शिरून दिसेनासा झाला की ती वेळ बघायची. त्यावरून ढगाचा तळ किती उंचीवर आहे तेही कळतं. केरळचे आमचे वॉरंट ऑफिसर साहेब या कामात कुणाला बोलू द्यायचे नाहीत. एकदा मधेच शिपाई चहा घेऊन आला. साहेबांनी डोळा न हलवता डावा हात पुढे केला, कप घेतला, आणि त्याच दमात पुढचा कोन सांगितला.

ब्रीफिंगला समोर खुर्च्यांवर वैमानिक, आणि हवामान अधिकारी नकाशासमोर. इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण लोकांना वाटतं की मेट विमान थांबवतं. मेट काहीही थांबवत नाही. मेट सांगतं, उडायचं की नाही हे उड्डाणाची जबाबदारी असलेला अधिकारी ठरवतो. शिवाय एकच हवा सगळ्यांना सारखी नसते. उपकरणांवर उडायच्या परीक्षेनुसार वैमानिकांच्या पायऱ्या असतात, व्हाइट, ग्रीन आणि मास्टर ग्रीन. ज्या ढगाखाली मास्टर ग्रीनवाला उतरू शकतो, त्या ढगाखाली व्हाइटवाल्यानं क्रू रूममध्ये बसून कॅरम खेळायचा. शंकेची सकाळ असेल तर आधी एक विमान वर पाठवतात, नुसतं हवा बघून यायला. ते विमान उतरून वैमानिक काय सांगतो याकडे आमचं सगळ्यात जास्त लक्ष. त्याचं आणि आमचं जुळलं तर कुणी काही म्हणत नाही. नाही जुळलं तर पुढचे आठ दिवस मेसमध्ये मेटच्या नावानं विनोद.

उन्हाळ्यातली गंमत वेगळी. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर. मे महिन्याच्या दुपारी पारा ४० वर गेला की हवा तापून विरळ होते, आणि विमानाच्या पंखाला, इंजिनाला उंची मीटरनं कळत नाही, हवेच्या दाटपणानं कळते. वैमानिकांचा ठोकताळा असा: त्या उंचीला प्रमाण मानलेल्या तापमानाहून जितके अंश जास्त, तितके गुणिले १२० फूट वर धरायचे. हिशोब मांडला तर त्या दुपारी लोहगावचं विमान साधारण १६५० मीटरवरच्या हवेतून धावतंय असं निघतं. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर धावपट्टी नेऊन ठेवली म्हणा ना. महाराष्ट्रात त्याहून उंच जागाच नाही. त्या हवेत धाव लांबते, चढ मंदावतो, आणि कुठेतरी वजन कमी करावं लागतं, इंधनाचं नाहीतर शस्त्रांचं. लेहला तर धावपट्टीच ३२५० मीटरच्या वर आहे, चारी बाजूंनी डोंगर. तिथे सहसा एका दिशेनं उतरायचं आणि उलट्या दिशेनं निघायचं, आणि दुपारचा वारा सुटायच्या आत आवरायचं. सकाळची हवा थंड, दाट आणि शांत, म्हणून सगळी धावपळ सकाळी.

आणि मग वळीव. कवींना तो मातीच्या वासानं कळतो, आम्हाला तो 'सीबी' या दोन अक्षरांनी कळायचा. क्युम्युलोनिंबस. दुपारी दोनला आभाळात कापसाचे चार पुंजके, चारला त्यातल्या एकाचं डोकं पंधरा किलोमीटरवर जाऊन सपाट पसरलेलं. त्याच्या पोटातून पाऊस पडायला लागला की थंड हवेचा लोंढा खाली आदळतो आणि जमिनीवरून चहूकडे पळतो. पाऊस अजून लांब असतो, पण हा वारा पुढे येऊन पोचतो, आणि येताना दिशा उलटी करून टाकतो. समोरून येणारा वारा दोन मिनिटांत पाठीमागून. नुसती झुळूक आणि स्क्वॉल यांत फरक करायला आमच्याकडे पक्की व्याख्या: वेग एकदम किमान १६ नॉटनं वाढून २२ किंवा त्याहून वर गेला पाहिजे आणि निदान मिनिटभर टिकला पाहिजे. वारा मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर पेनाची रेघ अशी सरळ उभी चढताना बघितली की अंगावर काटा यायचा, मग ती कितव्यांदा का असेना. इशारा मात्र त्याआधी द्यायचा असतो. वर गेलेल्या विमानात इंधन मोजकं; त्याला परत बोलवायचं, की थांबायला सांगायचं, की दुसऱ्या धावपट्टीकडे पाठवायचं, हे ठरवायला उड्डाणाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला निदान पंधरा-वीस मिनिटं हाताशी हवीत.

धुकं याच्या अगदी उलट स्वभावाचं. त्याला घाई नाही. पंजाबात आदमपूरला होतो तेव्हा त्याची पुरती ओळख झाली. पश्चिमेकडून येणारा पाऊस एक दिवस पडून जातो, जमीन ओली राहते, आभाळ स्वच्छ होतं, वारा पडतो. कुणालाही वाटेल, वा, काय सुंदर रात्र. आम्हाला तीच रात्र नको असायची. ढगांचं पांघरूण नसल्यानं जमीन भराभर थंड होते, आणि कोरड्या-ओल्या तापमापकांतलं अंतर दर तासाला कमी होत जातं. दोन अंश, एक, अर्धा. दोन्ही पारे एका रेषेत आले, म्हणजे हवा ओलाव्यानं पुरती भरली, की बाहेर बघायची गरज नसते. धावपट्टीच्या कडेचे दिवे एकेक करून कमी होत जातात, आणि आपण उभे असतो त्या जागेवरून किती दिवे दिसतात तेवढीच दुनिया उरते.

पहाटे फोन सुरू. "मेट, कब खुलेगा?" नवख्या वैमानिकाला वाटतं, सूर्य उगवला की धुकं उठेल. होतं बऱ्याचदा उलटं. सूर्य उगवल्यावर पहिली काही मिनिटं धुकं दाट होतं, कारण जमिनीलगतची हवा जराशी ढवळली जाते आणि पातळ थर वर उचलला जाऊन जाड होतो. चारशे मीटरची दृश्यता पन्नासवर येते. नेमकं त्याच वेळी स्क्वाड्रनमधून कुणीतरी खिडकीतून उजेड बघून फोन करतो, आणि त्याला "सर, अभी और गिरेगा" हे सांगणं म्हणजे काय असतं ते ज्यानं सांगितलंय त्यालाच माहीत. एका फ्लाइट कमांडर साहेबांनी त्यावर विचारलं होतं, "तुम सूरज के साइड से हो क्या?" दहा वाजता धुकं फुटलं, साडेदहाला सगळं खुलं. चांगल्या हवेचं श्रेय मेटला कुणी देत नाही, वाईट हवेचा जाब मात्र मेटलाच. त्याची सवय होते.

धावपट्टीचं तसं नाही. तिची आठवण लोकांना होते ती युद्धात. लोहगावचा तळ मुळात ब्रिटिशांचा, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभा केलेला. १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी इथली कॅनबेरा बॉम्बर विमानं गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर चाल करून गेली. १८ डिसेंबरच्या सकाळी पहिल्या फेरीत बारा विमानांनी सुमारे ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. सूचना अशी की पट्टी फोडायची, इमारतींना हात लावायचा नाही. एखाद्या हवाई दलाला जमिनीवर बसवायचं तर विमानं शोधत फिरण्यापेक्षा हे सोपं: विमान लपवता येतं, पट्टी नाही. पण गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. त्या रात्री पोर्तुगीजांच्या माणसांनी अंधारात खड्डे बुजवून पट्टीचा जेमतेम पुरेल एवढा तुकडा साफ केला, आणि दोन मोठी प्रवासी विमानं, त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन, तेवढ्या आखूड धावेवर उचलून कराचीला नेली. विरोधी बाजूचे असले तरी त्या वैमानिकांना आणि फावडं चालवणाऱ्यांना मनातून दाद द्यावीच लागते.

दहा वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, आपल्या मिग-२१ नी ढाक्याच्या तेजगावची पट्टी अशी फोडली की तिथल्या पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानांना पुढे उडताच आलं नाही. आणि त्याच आठवड्यात भुजच्या पट्टीवर पाकिस्तानचे बॉम्ब पडले. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, मूळचे नागपूरचे. दुरुस्तीला माणसं अपुरी, तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बाया आल्या. ७२ तासांत पट्टी उडण्याजोगी केली. वरून दिसू नये म्हणून तिच्यावर शेण सारवलं होतं आणि बायांनी हिरवट साड्या नेसल्या होत्या; भोंगा वाजला की झुडपांत शिरायचं, पुन्हा वाजला की कामाला. सिनेमातून ही गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे. मला तिच्यात दिसतं ते एवढंच, की जेट विमानाचं युग आलं तरी त्याच्या खालची गोष्ट पाटी-फावड्यानंच नीट होते.

शांततेच्या काळातही ती रोज नीट ठेवावी लागते. उड्डाणं सुरू व्हायच्या आधी माणसं पट्टीवर आणि टॅक्सी ट्रॅकवर, म्हणजे विमानं पट्टीकडे ज्या रस्त्यानं जातात त्यावर, नजर ठेवून चालत जातात आणि खडा, स्क्रू, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलतात. इंजिनानं गिळलेला एक बोल्ट कोटींचं नुकसान करतो. सुखोईच्या इंजिनांच्या तोंडाशी जमिनीवर असताना जाळी उभी राहते, ती याचसाठी. पक्ष्यांचा उपद्रव निराळा. पहिल्या पावसानंतर किडे-गांडुळं वर येतात, त्यामागे बगळे, त्यांच्यावर घारी. टिटवी तर पट्टीच्या कडेच्या खडीतच अंडी घालते. अंड्यांचा रंग हुबेहूब खडीचा, आणि जवळ गेलात तर ती अंगावर येते. गॅसच्या बंदुकीचे बार काढून पाखरं उडवायचे. चार दिवसांत पाखरांना कळतं की यात नुसता आवाज आहे, आणि ती बंदुकीवरच बसायला लागतात.

एवढं सगळं ज्या पट्टीवर चालतं, तीच पुणेकरांची नागरी विमानंही वापरतात. त्यामुळे आमच्या सोसायटीत उशिराची तक्रार थेट माझ्याकडे येते, जणू पेन्शन मला याचीच मिळते. २०२० च्या ऑक्टोबरपासून पट्टीच्या कामासाठी रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद होती, आणि पुढच्या वर्षी १६ ते २९ ऑक्टोबर सगळंच बंद. खालच्या मजल्यावरच्या काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "अहो, रस्ता एवढा वेळ लागून तरी नीट होतो का?" मी त्यांना समजावलं की इथे इंचाचा खळगासुद्धा चालत नाही, त्यात साठलेल्या पाण्यावर चाकं तरंगतात. त्यावर त्यांचं म्हणणं, मग यांनाच महानगरपालिकेचं काम द्या. मला उत्तर सुचलं नाही. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या सरावासाठी सकाळचे तास राखून ठेवलेले असायचे, तिथल्या लोकांचीही हीच कुरकुर. पट्टी फौजेची आहे, आपण पाहुणे आहोत, हे तिकीट काढलेल्या माणसाच्या गळी उतरवणं अवघड.

हल्ली मी वाद घालत नाही, नुसता सल्ला देतो. मे महिन्यात पुण्याहून कुठे जायचं असेल तर सकाळचं विमान घ्या, वळवाच्या आत निघून जाल. जानेवारीत दिल्लीला जायचं तर दुपारचं घ्या, तोवर तिकडचं धुकं फुटलेलं असतं. काकूंनी मागच्या जानेवारीत ऐकलं नाही, स्वस्त मिळालं म्हणून पहाटेचं काढलं, आणि विमान जयपूरला उतरलं. तिथून त्यांनी मला फोन केला आणि विचारलं, "कधी उठणार हो?"